सेकंद, रात्र आणि पावसाळा

30 मे 2024 रोजी भारताच्या वीजजाळ्यावर 250 गिगावॉट मागणीची नोंद झाली. एवढ्या मोठ्या जाळ्यात राजस्थानातल्या एखाद्या सौर प्रकल्पावर ढग आला, तरी पुण्यातला दिवा मंदावत नाही. देशभर एका लयीत फिरणाऱ्या शेकडो अवजड जनित्रांच्या वेगात ती तूट जिरून जाते आणि तेवढ्यात दुसरे एखादे केंद्र आपले उत्पादन वाढवते. दोन-तीन मेगावॉटच्या मायक्रोग्रिडला असा आधार नसतो. बेटावर, दुर्गम पठारावर किंवा लष्करी ठाण्यावर काही पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि डिझेल जनित्र एवढ्यावर स्वतंत्र जाळे चालते, तेव्हा एका ढगाने निम्मे उत्पादन जाऊ शकते आणि एक मोठी मोटर सुरू झाली तरी सगळ्या गावाला ते कळते. सूर्य आणि वारा यांचा वाटा जसजसा वाढतो, तसतसे असे जाळे साठवणीशिवाय उभेच राहू शकत नाही. मग प्रश्न उरतो तो कोणती साठवण, किती, आणि एका प्रकारची की अनेक प्रकारांची.

गेल्या दोन दशकांत अभियांत्रिकी नियतकालिकांतून या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘अनेक प्रकारांची’ असेच आले. बॅटरीला सुपरकपॅसिटर जोडा, फ्लायव्हील (वेगाने फिरणारे जड चाक) जोडा, हायड्रोजनची टाकी जोडा; प्रत्येकाचा गुण घ्या, दुसऱ्याच्या साहाय्याने त्याचा दोष झाका. कागदावर हे पटते. पण प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या मायक्रोग्रिडांचा अनुभव पाहिला की उत्तर इतके सरसकट देता येत नाही. माझे म्हणणे असे की, साठवणींची जोडणी तेव्हाच योग्य ठरते, जेव्हा दोन कामांच्या कालावधीत इतके अंतर असते की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेणे परवडतच नाही. जिथे हे अंतर नाही, तिथे दुसरे यंत्र जोडून मिळते ती फक्त देखभालीची दुसरी डोकेदुखी. आणि ही सीमारेषा स्थिर नाही. लिथियम बॅटरी स्वस्त होत गेली तशी ती आपल्या डोळ्यांदेखत सरकली आहे.

कालावधी म्हणजे काय, ते आधी पाहू. पहिले काम सेकंदांचे. वीजजाळ्याची वारंवारता आपल्याकडे 50 हर्ट्‌झच्या आसपास राहावी लागते. उत्पादन आणि मागणी यांत क्षणभरही फट पडली की ती घसरते किंवा चढते, आणि एका मर्यादेबाहेर गेली की संरक्षक यंत्रणा जाळे तोडते. इथे ऊर्जा थोडी लागते, पण ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच द्यावी लागते. दुसरे काम तासांचे: दुपारचे ऊन संध्याकाळच्या दिव्यांना आणि रात्रीच्या पंख्यांना पुरवायचे. तिसरे काम दिवसांचे आणि ऋतूंचे: पाच दिवस सूर्य दिसला नाही, महिनाभर वारा पडला, तर काय? डेव्हिड रॅगोन यांनी 1968 मध्ये विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांची तुलना करण्यासाठी एका अक्षावर ऊर्जा आणि दुसऱ्यावर शक्ती मांडून एक आलेख तयार केला. आजही कोणतेही साठवण-साधन त्या आलेखावर ठेवले की ते कोणत्या कामाचे, हे बऱ्याच अंशी कळते. सुपरकपॅसिटर लाखो वेळा भरतो-रिकामा होतो, पण एका किलोला पाच-दहा वॉट-तासांपलीकडे त्यात ऊर्जा मावत नाही. फ्लायव्हील क्षणात मेगावॉट देते, मात्र काही तास नुसते फिरत ठेवले तर साठवलेल्यातला बराच भाग स्वतःच खाऊन टाकते. लिथियम बॅटरी मधल्या पट्ट्यात भक्कम बसते. टाकलेल्या विजेपैकी 85 ते 95 टक्के परत मिळते. पाणी वर चढवून ठेवणारी उदंचन योजना 70 ते 80 टक्के परत देते आणि तिथे साठ्याला बाष्पीभवनापलीकडे फारशी गळती नसते. हायड्रोजन करून पुन्हा वीज करायची तर हातात येते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, पण टाकी मोठी करणे त्यामानाने स्वस्त असते.

या तीन कामांची वाटणी प्रत्यक्षात सर्वांत सुबकपणे दिसते ती अलास्काच्या किनाऱ्याजवळच्या कोडिॲक बेटावर. तिथल्या सहकारी वीजसंस्थेकडे टेरर लेक हा जलविद्युत प्रकल्प आधीपासून होता. म्हणजे ऋतूंची साठवण निसर्गाने आणि धरणाने करून ठेवलेली होती. 2009 मध्ये पिलर माउंटनवर दीड-दीड मेगावॉटच्या तीन पवनचक्क्या उभ्या राहिल्या, 2012 मध्ये आणखी तीन. एकूण 9 मेगावॉट वारा एवढ्या लहान जाळ्यावर आला, तेव्हा अडचण ऊर्जेची नव्हती, वेगाची होती. वारा अचानक पडला की जलविद्युत टर्बाइनला पाण्याचा प्रवाह वाढवून ती जागा भरायला वेळ लागतो, कारण लांब नळातले पाणी एकदम वेग घेत नाही. तेवढ्या वेळापुरता पूल म्हणून 3 मेगावॉटच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवल्या गेल्या. नंतर बंदरातल्या डिझेल क्रेनच्या जागी मोठी विजेची क्रेन आली. कंटेनर उचलताना ती एकदम प्रचंड वीज ओढते आणि खाली सोडताना उलट जाळ्यात वीज परत ढकलते. जहाज लागले की दिवसभर हेच चक्र. हे धक्के बॅटरीने सोसले असते तर तिचे आयुष्य झपाट्याने संपले असते. म्हणून 2015 मध्ये एकेक मेगावॉटची दोन फ्लायव्हील आली. क्रेनचे धक्के फ्लायव्हीलकडे, वाऱ्याची पडझड बॅटरीकडे, बाकी सगळे धरणाकडे. बेटाची जवळजवळ सगळी वीज आज पाणी आणि वाऱ्यातून येते. इथे प्रत्येक यंत्राला स्वतःचे असे काम आहे आणि ते दुसऱ्याला सोपवले तर नुकसान होते, हे दाखवता येते. जोडणीची कसोटी मी हीच मानतो.

ही वाटणी नसली तर काय होते, याचा पुरावा स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातल्या एल हिएरो बेटावर मिळतो. 2014 मध्ये सुरू झालेला तिथला प्रकल्प जगभर गाजला. एकूण 11.5 मेगावॉटच्या पाच पवनचक्क्या, जुन्या ज्वालामुखीच्या विवरात 3 लाख 80 हजार घनमीटरचा वरचा जलाशय, साधारण साडेसहाशे मीटर खाली दीड लाख घनमीटरचा खालचा जलाशय, आणि 11.3 मेगावॉटची जलविद्युत टर्बाइने. आपल्या वाचकांना अकोले तालुक्यातला 250 मेगावॉटचा घाटघर उदंचन प्रकल्प ठाऊक असतो. हे त्याचे बेटापुरते रूप म्हणता येईल, फक्त घाटघरच्या पाठीशी सगळे राष्ट्रीय जाळे आहे आणि इथे कुणीच नाही. एल हिएरोवर 2018 मध्ये वर्षाच्या विजेपैकी सुमारे 56 टक्के वीज नवीकरणीय होती, आणि 2019 च्या उन्हाळ्यात सलग 24 दिवस डिझेल जनित्रे बंद राहिली. पहिल्या काही वर्षांत शंभर टक्क्यांच्या घोषणा झाल्या होत्या, त्या मानाने हा आकडा अनेकांना निराशाजनक वाटला. मला तो निराशाजनक वाटत नाही. पण त्यात एक शिकण्याजोगी गोष्ट दडलेली आहे. वाऱ्याचे हेलकावे सावरून वारंवारता स्थिर ठेवण्यासाठी इथे अनेकदा एकाच वेळी पंप पाणी वर चढवत असतात आणि टर्बाइन तेच पाणी खाली सोडत असते. टर्बाइनचे फिरते वजन जाळ्याला हवे असते, म्हणून पाण्याचे हे निष्फळ चक्र चालू ठेवावे लागते आणि त्यात वीज वाया जाते. रात्र आणि आठवडा सांभाळण्यासाठी बांधलेल्या साठवणीकडून सेकंदाचे काम करून घेण्याची ही किंमत आहे. दुसऱ्या टोकालाही फट आहेच. खालच्या जलाशयात मावणारे दीड लाख घनमीटर पाणी साडेसहाशे मीटर खाली येताना साधारण सव्वादोनशे मेगावॉट-तास देते. बेटाला ते एक-दोन दिवस पुरते. उन्हाळ्यात व्यापारी वारे जोरात वाहतात, शरदात आणि हिवाळ्यात ते अधूनमधून पडतात. कित्येक आठवड्यांची ती फट भरण्याइतका जलाशय डोंगरावर कुठून आणायचा?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियाजवळच्या किंग बेटाची कथा आणखी वेगळी आहे, आणि अपयशाचाही हिशेब तिथे स्पष्ट दिसतो. सुमारे सोळाशे वस्तीच्या या बेटावर 2003 मध्ये 200 किलोवॉटची, चार तास चालणारी व्हॅनेडियम फ्लो बॅटरी बसवली गेली. त्या काळी ती धाडसी निवड होती. द्रवांच्या टाक्या मोठ्या केल्या की साठा वाढतो, चक्रे हजारोंनी मिळतात, आग लागण्याचा धोका नाही. ती काही वर्षांतच निकामी झाली. मुख्य भूमीपासून दूर, एकाच प्रकारचे एकच यंत्र, आणि बिघडले तर ते उघडून दुरुस्त करणारा माणूस बेटावर नाही, अशी ती परिस्थिती होती. पुढच्या प्रयत्नात टास्मानियाच्या सरकारी जलविद्युत कंपनीने वेगळा मार्ग धरला. 3 मेगावॉट शक्तीची, पण साठा फक्त दीड मेगावॉट-तासाच्या आसपास असलेली प्रगत लेड-ॲसिड बॅटरी. डिझेल इंजिनाला जोडलेली फ्लायव्हील. आणि वारा जास्त झाला की वीज उष्णतेत घालवून टाकणारा दीड मेगावॉटचा नियंत्रित रोधक. ती बॅटरीही मुळात मिश्र जातीची होती: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेने लेड-ॲसिडच्या एकाच घटात सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोड बसवून ती घडवली होती. म्हणजे जोडणी बाहेरच्या तारांनी न करता घटाच्या आतच केलेली. पूर्ण शक्तीने चालवली तर ही बॅटरी अर्ध्या तासात रिकामी होईल. तिचे काम रात्र काढणे नाहीच. वारा भरपूर असताना सगळी डिझेल इंजिने निर्धास्तपणे बंद करता यावीत, आणि वारा पडलाच तर इंजिन सुरू होईपर्यंतची मिनिटे कुणीतरी सांभाळावीत, एवढ्यासाठी ती आहे. बचत होते ती साठवलेल्या विजेतून नव्हे, तर ‘कदाचित लागेल’ म्हणून कमी भारावर रेंगाळत ठेवलेले इंजिन बंद करता येते, त्यातून. ही गोष्ट मायक्रोग्रिडच्या चर्चेत पुरेशी ठसवली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम थांबलो.

आता सर्वांत बळकट आक्षेप. ही सगळी उदाहरणे लिथियम महाग होते तेव्हाची. आता ते स्वस्त आहे, मग ही कसरत कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाच्या पाहणीनुसार 2024 मध्ये लिथियम बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत एका किलोवॉट-तासाला 115 डॉलरपर्यंत उतरली. आपल्याकडे 2022 मध्ये सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत बॅटरी साठवणीचा दर मेगावॉटला दरमहा 10.8 लाख रुपयांच्या घरात होता. 2024 संपेपर्यंत राजस्थानातल्या निविदेत, केंद्राचे अनुदान धरून, तो 2.2 लाखांच्या आसपास आला. अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर 2016 मध्ये 1.4 मेगावॉट सौर पॅनेल आणि 6 मेगावॉट-तासांची लिथियम बॅटरी यांवरच जवळजवळ सगळे बेट चालू लागले. तिथे फ्लायव्हील नाही, सुपरकपॅसिटर नाही. आणि लिथियम केवळ स्वस्त नाही. ते सेकंदांचे कामही उत्तम करते. बॅटरीवर लहान-लहान धक्के बसल्याने तिचे आयुष्य घटते, म्हणून सुपरकपॅसिटर जोडावा, हा युक्तिवाद लेड-ॲसिडच्या काळात मजबूत होता. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला उथळ चक्रांचा त्रास तुलनेने कमी होतो. तिला जास्त मारते ती उष्णता आणि सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणे. संमिश्र साठवणीवरच्या अनेक निबंधांत भाराचा जलद भाग गाळून सुपरकपॅसिटरकडे पाठवायचा आणि संथ भाग बॅटरीकडे, अशी नियंत्रण-पद्धत मांडून बॅटरीचे आयुष्य किती वाढले याचे संगणकावरचे आकडे दिलेले असतात. ते आकडे कोणत्या रसायनावर बेतले आहेत, हे वाचकाने आधी पाहावे. माझ्या मते बॅटरी आणि सुपरकपॅसिटर ही जोडी, निदान लहान मायक्रोग्रिडपुरती, आता बरीचशी इतिहासजमा झाली आहे.

मग सेकंदांच्या टोकाला फिरत्या यंत्राची गरज उरलीच नाही का? थोडी उरली आहे, पण कारण बदलले. नव्या प्रकारचे इन्व्हर्टर स्वतः जाळ्याची लय ठरवू शकतात आणि फिरत्या वजनासारखी वागणूकही दाखवू शकतात. मात्र इन्व्हर्टरमधल्या अर्धवाहकांतून त्यांच्या क्षमतेच्या सव्वा-दीडपटीहून जास्त प्रवाह सहसा काढता येत नाही. कुठे तार तुटून शॉर्ट झाले, तर जुन्या पद्धतीचे फ्यूज आणि रिले कित्येक पट प्रवाह वाहण्याची वाट पाहत बसतात आणि तो येतच नाही. फिरते जनित्र तो देते. म्हणून जिथे जुनी संरक्षण-व्यवस्था बदलणे महाग आहे, अशा मेगावॉटभर आकाराच्या जाळ्यात डिझेलविना फिरणारे जनित्र किंवा फ्लायव्हील ठेवण्यात अजून अर्थ आहे. खेड्यातल्या छोट्या जाळ्यात हीच अडचण वेगळ्या वेषात येते. पिठाच्या गिरणीची किंवा पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि इन्व्हर्टर मान टाकतो. त्यावर सुपरकपॅसिटर जोडणे हा उपाय शोधनिबंधात शोभतो. गावात मोटरला सॉफ्ट स्टार्टर किंवा वेगनियंत्रक बसवणे कितीतरी स्वस्त आणि टिकाऊ.

लिथियमने मधला पट्टा जिंकला, सेकंदांचा बराचसा जिंकला. ऋतूंच्या टोकाला मात्र स्वस्त लिथियमही हतबल आहे, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. समजा, बॅटरी बसवण्याचा सगळा खर्च एका किलोवॉट-तासाला 15 हजार रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरले. वर्षातून 300 वेळा ती वापरली तर दहा वर्षांत तिच्यातून 3000 युनिट जातात. साठवणीचा खर्च युनिटला 5 रुपये. पण वर्षातल्या फक्त वीस ढगाळ दिवसांसाठी जी जादा बॅटरी ठेवली, तिच्यातून दहा वर्षांत जातात 200 युनिट. खर्च युनिटला 75 रुपये. लहान डिझेल जनित्र लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देते. डिझेल 90 रुपये धरले तरी युनिटला 30 रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे क्वचित लागणाऱ्या साठवणीत बॅटरीची किंमत निम्मी झाली तरी ती डिझेलच्या पिंपापुढे हरते. कार्यक्षमतेचा अर्थही इथे उलटतो. रोज वापरायच्या साठवणीत दहा टक्के गळती म्हणजे मोठे नुकसान. वर्षातून वीस दिवस लागणाऱ्या साठवणीत निम्मी ऊर्जा वाया गेली तरी चालेल, पण साठवून ठेवण्याची जागा स्वस्त हवी. कोकणात आणि पश्चिम घाटात जुलै-ऑगस्टचे ऊन एप्रिलच्या जवळजवळ निम्म्यावर येते. तिथल्या मायक्रोग्रिडचा खरा प्रश्न रात्रीचा नाही, पावसाळ्याचा आहे. त्यावर पॅनेल जादा बसवणे हा पहिला उपाय, कारण पॅनेल बॅटरीहून स्वस्त पडतात आणि अंधुक उजेडातही थोडी वीज देतात. जिथे ओढा बारमाही किंवा निदान पावसाळाभर वाहतो, तिथे लहान जलविद्युत संच हा दुसरा. सह्याद्रीत ऊन कमी होते नेमके तेव्हाच पाणी वाढते, याचा फायदा फार कमी ठिकाणी घेतला जातो.

हायड्रोजनचे समर्थक म्हणतील, ऋतूंच्या या टोकासाठीच तर आमचे तंत्र आहे. नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर 2004 ते 2008 या काळात याची खरीखुरी चाचणी झाली. पवनचक्कीच्या जादा विजेतून पाण्याचे विघटन, हायड्रोजन टाकीत दाबाखाली, वारा नसताना हायड्रोजनवर चालणारे इंजिन आणि जोडीला इंधनघट. शिवाय क्षणांचे काम सांभाळायला फ्लायव्हील आणि लहान बॅटरी. दहा घरांना वीज मिळाली, म्हणजे तंत्र चालते हे सिद्ध झाले. पण दहा घरांसाठी एवढी यंत्रसामग्री! आणि इथे आधीचे अंकगणित हायड्रोजनवरही उलटते: टाकी स्वस्त असली तरी विघटनयंत्र आणि इंधनघट महाग असतात, आणि वर्षभर पडून राहिले तर त्यांचाही खर्च त्या थोड्याशा युनिटांवरच पडतो. म्हणून हायड्रोजन तिथेच परवडू शकतो, जिथे डिझेल पोचवणेच प्रचंड महाग किंवा जोखमीचे आहे. लडाखमधल्या चुशूल इथे, 4400 मीटर उंचीवर, सैन्यासाठी एनटीपीसीने हाती घेतलेला 200 किलोवॉटचा सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड या दृष्टीने योग्य जागी आहे. तिथे ऊन भरपूर, तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत, आणि इंधनाचे प्रत्येक पिंप खिंडी ओलांडून न्यावे लागते. तो किती चांगला चालतो याचे आकडे पुढे जाहीर झाले, तर या वादाला पहिल्यांदाच भारतीय पुराव्याचा आधार मिळेल.

साठवणीच्या चर्चेत विजेला वीज म्हणूनच परत मिळवण्याचा हट्ट कशासाठी, हाही एक प्रश्न विचारायला हवा. स्कॉटलंडच्या एग बेटावरच्या सुमारे शंभर रहिवाशांनी 2008 मध्ये स्वतःचे जाळे उभारले: एक मुख्य जलविद्युत संच, लहान पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या. तंत्र त्या काळच्या मानानेही साधे. पण प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉट आणि व्यवसायाला 10 किलोवॉटची मर्यादा घातली गेली, आणि वीज जास्त झाली की ती सामाजिक सभागृहासारख्या इमारती उबदार करायला वापरली जाते. मर्यादेमुळे बॅटरी लहान ठेवता आली. उष्णतेमुळे वाया जाणारी वीज कामी आली. आपल्याकडे उष्णतेऐवजी पाणी आहे. लक्षद्वीपच्या कवरत्तीत राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये समुद्राच्या तापमानातल्या फरकावर चालणारे, रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभारले. त्याचे पंप चालतात ते बेटाच्या विजेवर, आणि ती वीज आजवर मुख्यतः डिझेलची. टाकीतले गोडे पाणी ही साठवलेली ऊर्जाच आहे आणि ती खराब होत नाही. ऊन असताना पंपांवर जास्त भार आणि रात्री कमी, अशी आखणी झाली तर ती बॅटरीच्या काही भागाची जागा घेऊ शकते. गावातला पाणीपुरवठा, पीठ दळणे, बर्फ करणे, शीतगृह, या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. लिथियमशी जोडायची पहिली साठवण म्हणून मी पाण्याची टाकी सुचवीन. तिला नियंत्रक म्हणून एक टायमर पुरतो.

दुसरा मोठा आक्षेप साठवणीला नव्हे, मायक्रोग्रिडलाच आहे: मुख्य जाळे सगळीकडे पोचले, मग हे कशाला? बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात 2014 मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने 100 किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड सुरू झाला. त्यातले 30 किलोवॉट सिंचनाच्या पंपांसाठी. लोकांना फ्रिज, कूलर चालवायचे होते, जाळ्यात तेवढी ताकद नव्हती. सरकारी वीज आली, ती स्वस्त होती, आणि काही वर्षांत बॅटऱ्या निकामी होऊन केंद्र बंद पडले. या अपयशाचा दोष बहुतेकांनी सरकारी विजेला दिला. मला त्यात साठवणीचाही वाटा दिसतो. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. बिहारच्या उन्हाळ्यात तिने लवकर दम तोडणे ठरलेलेच होते, आणि निकामी बॅटऱ्या बदलल्या गेल्या नाहीत. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेने 2012 मध्ये 9.4 किलोवॉटचा मायक्रोग्रिड 39 घरांसाठी उभा केला, तो याहून कितीतरी लहान. तिथे मीटर लावून वीज मोजली गेली आणि वसुली गावाच्याच विश्वस्त संस्थेकडे सोपवली. खेड्यातली साठवण टिकते की नाही, हे घटाच्या रसायनाइतकेच या वसुलीच्या वहीवर अवलंबून असते. अशा ठिकाणी फ्लो बॅटरी, सुपरकपॅसिटर आणि हायड्रोजन यांची त्रिवेणी घेऊन जाणे म्हणजे त्या गावावर अन्याय आहे. तिथे एकाच प्रकारची, सहज बदलता येणारी बॅटरी, पाण्याची टाकी आणि आणीबाणीला एक जनित्र, एवढेच हवे. किंग बेटासारख्या श्रीमंत देशातल्या बेटालाही एकटे पडलेले अनोळखी यंत्र सांभाळता आले नाही. कोडिॲकला तर बॅटऱ्या पुरवणाऱ्या कंपनीचे 2014 मध्ये दिवाळे निघाले. तिथल्या सहकारी संस्थेकडे अभियंते होते, म्हणून निभावले.

या सर्व पुराव्यातून भारतीय बेटांसाठी काय निघते? पोर्ट ब्लेअरला 2020 मध्ये 20 मेगावॉट सौर प्रकल्पासोबत 8 मेगावॉट-तासांची बॅटरी बसवली गेली, नंतर कवरत्तीत 1.7 मेगावॉट सौरसोबत 1.4 मेगावॉट-तासांची. भागाकार करून पाहा: सौर प्रकल्पाच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज द्यायची तर पोर्ट ब्लेअरची बॅटरी 24 मिनिटे पुरते, कवरत्तीची पन्नास मिनिटे. म्हणजे दोन्ही ठिकाणी साठवणीला ढगांचे धक्के सावरण्याचे काम दिले आहे. रात्र आणि पावसाळा अजून डिझेलकडेच आहेत. पहिले पाऊल म्हणून हे बरोबरच होते. पुढचे पाऊल म्हणजे रात्रीसाठी लिथियम, आणि आता त्याचा दर ते परवडेल असा आहे. त्यापुढचे, पावसाळ्याचे काम डिझेलकडे राहू द्यावे, फक्त वर्षातून थोडे दिवस. आणि हळूहळू त्याच इंजिनात जैवइंधन यावे. शेवटचे दहा-पंधरा टक्के डिझेल काढून टाकण्याच्या हट्टात पहिले साठ टक्के काढण्याचा पैसा अडकू नये, असे मला फार तीव्रतेने वाटते.

हे व्हायचे तर निविदांची भाषा बदलावी लागेल. आज निविदा मुख्यतः मेगावॉट आणि मेगावॉट-तास मागते. ती साठवण कोणत्या कालावधीचे काम करणार, वारंवारता किती सेकंदांत सावरायची, शॉर्ट झाल्यावर किती प्रवाह द्यायचा, हे वेगवेगळे मागत नाही. कामे वेगळी मांडली आणि प्रत्येकाचा दर वेगळा आला, तर एकच यंत्र दोन कामे स्वस्तात करते की दोन यंत्रे लागतात, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून ठरणार नाही, बोलीतूनच उघड होईल. त्याबरोबर सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक मायक्रोग्रिडच्या तासातासाच्या नोंदी खुल्या करण्याची अट असावी. एल हिएरोचे निष्फळ पाणीचक्र जगाला कळले ते स्पेनच्या वीजजाळ्याची यंत्रणा तिथले आकडे सतत जाहीर करते म्हणून. कवरत्तीच्या बॅटरीने गेल्या पावसाळ्यात किती चक्रे केली आणि त्या महिन्यांत डिझेल किती जळले, हेही कोणत्याही नागरिकाला तितक्याच सहज पाहता आले पाहिजे.